चावी फिरवली म्हणा

सोमवारी सकाळी बाहुलीबाई आजोबांचं तोंड पुसत होत्या, तेव्हा ती बातमी आली.

आजोबा म्हणजे त्यांचे सासरे नव्हेत हो. आजोबा म्हणजे कमरेपासून वरचा एक रबरी पुतळा. नव्या डॉक्टरांनी आणि नर्सनी दाबून दाबून त्याच्या छातीला नऊ वर्षांत चांगला खड्डा पाडलाय. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईच्या यंत्रांना लागून, सरावाची खोली आहे. तिथे असे सहा जण राहतात. आजोबा, दोन तान्ही बाळं, सलाईन टोचायला एक नुसता हात, घशात नळी घालायला एक नुसतं डोकं, आणि एक पूर्ण बाई, जिचा डावा पाय ऐन वेळी निखळतो. या सगळ्यांचं बघणारी म्हणून ही बाहुलीबाई. खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. तिथेही कुणी वाचत नाही.

वय चौपन्न. बावीस वर्षं वॉर्डात काढली, मग गुडघे कुरकुरायला लागले तशी खाली आली. स्वतःच्या नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि पुतळ्यांच्याही नाही. संध्याकाळी खोली बंद करताना सगळ्यांच्या अंगावर चादर घालायची, निखळत्या पायाला "उद्या बघते तुझ्याकडे" म्हणून दम द्यायचा आणि मगच दिवा मालवायचा. नवरा म्हणायचा, "माझ्या अंगावर कधी घातलीस ती चादर?" त्यावर ही म्हणायची, "तुम्ही गप्प पडून राहा, घालते."

तर सोमवारी फोन वाजला. मेट्रन. दोघी एकाच तुकडीत शिकलेल्या, एकमेकींना अगंतुगं करणाऱ्या. एक वर चढत मेट्रन झाली, एक खाली तळमजल्यात आली, पण बोलण्याचा सूर बदलला नाही.

"तुझ्या छोटीनं घोळ घातलाय," मेट्रन म्हणाली. हॅलो नाही की काही नाही.

"कसला घोळ?"

"पेशंटला सात मिनिटं ऑक्सिजनच मिळाला नाही. सिलिंडर बंद होता. माणूस अतिदक्षता विभागात आहे, डोळे उघडत नाहीये. गुरुवारी चौकशी. तोवर पोरीला घरी बसवलंय."

बाहुलीबाईंच्या हातातलं फडकं आजोबांच्या नाकावर तसंच राहिलं.

छोटी म्हणजे कुणी येरीगबाळी नव्हती. चार महिन्यांपूर्वी नर्स म्हणून रुजू झालेली, उंचीनं एवढीशी, पण सरावात तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत जायचा. पुढच्या प्रत्येक तुकडीला बाहुलीबाई सांगायच्या, "छोटी करायची तसं करा, म्हणजे मला ओरडावं लागणार नाही." आणि छोटी सिलिंडर उघडायला विसरली? हे म्हणजे सुगरण चूल पेटवायला विसरली, असं सांगण्यासारखं झालं.

त्या तडक वर गेल्या. गुडघ्यांना विचारलंसुद्धा नाही.

छोटी नर्सच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. युनिफॉर्म घडी करून मांडीवर. रडून झालेलं होतं, आता नुसतीच बसली होती, ते जास्त वाईट.

"सांग," बाहुलीबाई शेजारी बसल्या. "पहिल्यापासून. गाळू नकोस काही."

"शिंपीकाकांना एक्स-रेला न्यायचं होतं," छोटी म्हणाली. "छातीत पाणी झालंय त्यांच्या. वॉर्डात भिंतीतूनच ऑक्सिजन येतो. तिथली नळी काढली, ट्रॉलीच्या सिलिंडरला जोडली. मास्क नीट बसवला. मग म्हटलं, ऑक्सिजन चालू. मोठ्यानं म्हटलं बाई, तुम्ही शिकवलंत तसं. मावशींनी ऐकलं, शेजारच्या पेशंटनं ऐकलं."

"मग?"

"मग बोटावरच्या यंत्राचा आकडा उतरायला लागला. नव्वद. चौऱ्याऐंशी. मला वाटलं, पाणी वाढलं. लिफ्ट वर होती. मी मास्क दाबून धरला. आकडा अजून खाली. एक्स-रेच्या दारात गेले तेव्हा काकांचे ओठ..." ती थांबली. "तिथले एक्स-रेवाले दादा म्हणाले, सिस्टर, तुमचा सिलिंडर बोलत का नाही? आणि त्यांनी चावी फिरवली."

"म्हणजे तू फिरवली नव्हतीस."

"फिरवली होती. मी म्हटलं ना बाई, ऑक्सिजन चालू."

"म्हटलंस गं. फिरवलीस का?"

 छोटी उठली आणि सगळं हवेत करून दाखवायला लागली. इथे ट्रॉली, इथे काका, इथे नळी. नळी जोडली. आणि मग तिनं उजव्या हातानं, जिथे सिलिंडरचं डोकं असतं तिथे, हवेत एक हलकीशी थाप मारली. "ऑक्सिजन चालू," ती म्हणाली आणि पुढे वळली.

बाहुलीबाईंनी तो हात लगेच ओळखला. ती थाप त्यांची होती.

आता ही थाप काय, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी एका साथीत सगळे सिलिंडर वॉर्डात लागले, तेव्हा खाली सरावाच्या खोलीतला भरलेला सिलिंडर वर गेला आणि त्याच्या जागी एक रिकामा आला. साथ संपली, सिलिंडर काही परत आला नाही. रिकाम्या सिलिंडरची चावी फिरवून करायचंय काय? त्यात पोरं ती चावी कुठेही ठेवायची. एकदा खिशातून घरी गेली, एकदा बाळाच्या पुतळ्याच्या लंगोटात सापडली. मग बाईंनी वैतागून ती काढली आणि टेबलाच्या खणात टाकून दिली. तुकडीत चाळीस जण, वेळ दीड तास. "सिलिंडरच्या डोक्यावर हात ठेवा, चावी फिरवली म्हणा, ऑक्सिजन चालू म्हणा, पुढे चला." पुढे पुढे तर "चावी फिरवली" हेही गळलं. राहिली ती थाप आणि मोठा आवाज. आणि मोठ्या आवाजाला बाई पैकीच्या पैकी द्यायच्या.

"बाई, मला कामावरून काढतील का?" छोटीनं विचारलं. "परत नर्स म्हणून कुठे उभं करणार नाहीत ना?"

"कुणाशी काही बोलू नकोस," एवढंच त्या म्हणाल्या. खरं तर त्यांना म्हणायचं होतं दुसरंच काही. पण त्या उठून निघाल्या.

घरी गेल्यावर त्या जेवल्या नाहीत. हे नवऱ्याच्या लगेच लक्षात आलं, कारण एरवी जेवताना बाई दिवसभरातल्या सगळ्या पोरांची हजेरी घ्यायच्या, कोण कसं इंजेक्शन धरतं, कोणाचा हात थरथरतो. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीवर लाल अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं, आणि बाईंच्या मते त्या गाडीत बसायचं धाडस फक्त त्याच्या विद्यार्थ्यांनी आणि देवानं करावं.

बाईंनी सगळं सांगितलं. खणातली चावीही सांगितली.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "अगं, माझ्या बाजूलाही ब्रेक असतो."

"मी सिलिंडरचं बोलतेय."

"ऐक तरी. शिकाऊ माणूस चौकात आला की मी माझ्या बाजूनं हळूच ब्रेक दाबतो. गाडी थांबते. त्याला वाटतं, त्यानंच थांबवली. महिनाभर असं झालं की त्याचा पाय ब्रेककडे जाईनासा होतो, आणि बेट्याला पत्ताच नसतो. सुरुवातीला एकजण असाच परीक्षेत भिंतीवर गेला. मला शिव्या घातल्या त्यानं, बरोबरच होत्या. तेव्हापासून शेवटचा आठवडा मी दोन्ही पाय सीटवर वर घेऊन बसतो, मांडी घालून. मग कळतं कोण थांबवतो आणि कोण नाही."

"आणि धडकला तर?"

"म्हणून मोकळ्या मैदानात नेतो. चौकात नाही नेत."

 एवढ्या वर्षांत नवऱ्यानं कामाचं काही सांगितलं, असं त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं, आणि त्या दिवशीही केलं नाही. पण मंगळवारी सकाळी आठ वाजता त्या भांडाराच्या खिडकीशी उभ्या होत्या.

"भरलेला सिलिंडर द्या."

"पुतळ्यांना?" भांडारवाला हसला. "दम लागला का आजोबांना?"

"हो. तुमच्या वयाचेच आहेत ते. द्या."

मंगळवारची तुकडी लहान होती. पाच डॉक्टर, सहा नर्स. बहुतेक जण याआधी निदान एकदा सरावाला येऊन गेलेले, आता वर्षाची उजळणी. बाईंनी भरलेला सिलिंडर ट्रॉलीवर लावला, चावी खणातून काढून त्याच्या डोक्यावर बसवली, एकदा उघडून काटा भरलेला दाखवतोय ते बघितलं आणि परत बंद केला. कुणाला काही सांगितलं नाही. आजोबांच्या तोंडापाशी मास्क ठेवला आणि म्हणाल्या, "पेशंटला दम लागलाय. एकेक जण या. बाकीचे बाहेर थांबा. दार लावून घ्या."

पहिला डॉक्टर आला. उंच, घाईचा. मास्क लावला, नळी जोडली, सिलिंडरच्या डोक्यावर थाप, "ऑक्सिजन चालू." चावी त्याच्या तळव्याखाली होती. तिला बोटंही लागली. फिरली नाही.

बाईंनी वहीत एक फुली मारली. चेहरा हलू दिला नाही.

दुसरी नर्स. थाप. "ऑक्सिजन चालू." फुली.

तिसरी. ही चावीकडे बघून जरा थबकली. बाईंनी वहीवर टेकवलेलं पेन उचललं. नर्सनं चावी अंगठ्यानं बाजूला सारली, थाप मारायला जागा केली, आणि थाप मारली. "ऑक्सिजन चालू." आवाज काय खणखणीत होता, छोटीच्या तोडीचा.

चौथा डॉक्टर मात्र आत आला, चावी धरली, फिरवली, आणि सूं असा आवाज खोलीत भरला. बाई एवढ्या दचकल्या की पेन खाली पडलं.

"कुठे शिकलास रे तू?" त्यांनी विचारलं.

"इथे नाही, बाई. मी मागच्या महिन्यात बदलून आलो. तिकडे आम्हाला मास्कपाशी गाल नेऊन वारा लागतो का बघायला लावायचे." मग जरा ओशाळून म्हणाला, "गंमत वाटायची तेव्हा."

"तुझी आधीची उजळणी?"

"तुमच्याकडची चुकलीच. रजेवर होतो."

बाईंनी त्याला मागच्या दारानं बाहेर काढलं, बाकीच्यांशी बोलायचं नाही अशी ताकीद देऊन, आणि सिलिंडर परत बंद केला.  

अकरा जण झाले. नऊ फुल्या. चावी फिरवणारे दोघे, आणि दुसरीही बाहेरून शिकून आलेली निघाली. बाईंनी ज्यांना शिकवलं होतं, त्यातल्या एकानंही फिरवली नव्हती.

त्या खुर्चीत बसल्या. आजोबा मास्क लावून वर बघत होते. शेजारच्या खोलीत धुलाईचं यंत्र धडधडत होतं.

दुपारी मेट्रन खाली आली. क्वचितच यायची, तळमजल्याचा वास तिला आवडायचा नाही. वही तिनं वाचली आणि बंद केली.

"हे कुणाला दाखवलंस?"

"तुलाच."

"मग इथेच राहू दे. पुढच्या महिन्यात या खोलीला मान्यता द्यायला मंडळी येतायत. आसपासची सगळी हॉस्पिटलं आपल्या खोलीत शिकायला येणार, तू त्याची प्रमुख होणार. वर्षभर कागद रंगवलेत मी त्यासाठी. आणि तू गुरुवारी उठून सांगणार की इथे चार वर्षं खोटं शिकवलं?"

"खोटं नाही गं. अर्धं."

"अर्धं म्हण नाहीतर सव्वा म्हण. खोलीला कुलूप लागेल आणि तुला चौकशी लागेल. आणि तो माणूस डोळे न उघडताच गेला तर सगळं तुझ्या डोक्यावर येईल, कळतंय का?"

"आणि नाही सांगितलं तर त्या पोरीच्या डोक्यावर येईल."

"चूक तिची आहे," मेट्रन म्हणाली, पण जरा हळू. "एवढीशी गोष्ट. सिलिंडर उघडायचा. इतक्या साध्या गोष्टीत माणूस चुकतो का? मी नाही चुकणार."

बाई उठल्या. ट्रॉली पुढे ओढली. "कर बघू."

"काय पोरकटपणा आहे."

"पोरकटपणाच आहे. कर. दर वर्षी उजळणीला येतेस ना माझ्याकडे, फोनवर बोलत बोलत? आजोबांना दम लागलाय. चल."

मेट्रननं वैतागून घड्याळ बघितलं, चष्मा वर सारला आणि केलं. मास्क, नळी. झटपट, सवयीचा हात. सिलिंडरच्या डोक्यावर थाप. "ऑक्सिजन चालू. झालं समाधान?"

 मेट्रननं बाईंकडे बघितलं. मग सिलिंडरकडे. मग स्वतःच्या हाताकडे, तो अजून चावीवरच होता.

ती तडक वर निघून गेली. दार मात्र नीट लावून गेली, आपटलं नाही, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. मेट्रन चिडली की आपटायची. हे असं गप्प जाणं म्हणजे काय, ते काही कळेना. गुरुवारच्या समितीत ती तिसरी होती.

बुधवारी शिंपीकाकांनी डोळे उघडले. सुनेला ओळखलं. उजवा हात उचलला जात नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, सांगता येत नाही. कात्री धरायचा हात तो.

गुरुवारी अकरा वाजता पहिल्या मजल्यावरच्या बैठकीच्या खोलीत सगळे बसले. लांब टेबल, मधोमध पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला सुपरिंटेंडंट, त्यांच्या शेजारी भूल देणारे मोठे डॉक्टर आणि मेट्रन. दुसऱ्या बाजूला एकटी छोटी. भिंतीशी शिंप्यांची सून, घरच्यांच्या वतीनं. ऐकायला बसली होती, बोलायची परवानगी नव्हती तिला. बाईंना शिकवणारी म्हणून बोलावलं होतं. पोरीला शिकवलं होतं का, एवढंच सांगायला.

छोटीचं पाच मिनिटांत उरकलं. सिलिंडर उघडला होतास का? वाटलं उघडला. वाटलं म्हणजे? म्हणजे, मी म्हटलं होतं. सुपरिंटेंडंटनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. टोपण लावणं वाईट असतं, बाईंनी बावीस वर्षांत बघितलं होतं.

"बाई, हिला सिलिंडर उघडायला शिकवलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "हो की नाही, एवढंच."

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. समोर मेट्रन बाटलीवरचं लेबल खरवडत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "उघडला असं म्हणायला शिकवलं होतं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. साथ, रिकामा सिलिंडर, खण, थाप. वही टेबलावर ठेवली, नऊ फुल्या वर असतील अशी. मध्ये एकदा पाणी मागितलं.

सुपरिंटेंडंट वही चाळत म्हणाले, "बाई, ही पोर तुमची लाडकी. अख्ख्या हॉस्पिटलला माहीत आहे. ही परीक्षा तुम्हीच घेतलीत, फुल्याही तुम्हीच मारल्यात. हिला वाचवायला तुम्ही स्वतःला पुढे करताय, असं कुणी म्हटलं तर?"

"तर ते अर्धं खरं आहे," बाई म्हणाल्या.

भूलवाले डॉक्टर पहिल्यांदाच बोलले. "मला हे पटत नाही. काटा असतो, आवाज असतो. शिकलेला माणूस केवळ सवयीनं चावी विसरेल? नऊ जण?"

 छोटी टेबलाकडे बघत होती. पंखा फिरत होता. बाईंना वाटलं, संपलं. आता एकीऐवजी दोघी जाणार, आणि सिलिंडर बंदचे बंदच राहणार.

"दहा," मेट्रन म्हणाली.

"काय?"

"नऊ नाही, दहा." मेट्रननं लेबल सोडलं. "परवा मीही करून बघितलं. भरलेला सिलिंडर, चावी हाताखाली. थाप मारली, चालू म्हटलं. नाही फिरवली मी." तिचे कान लाल झाले होते. "डॉक्टर, तुम्हाला पटत नसेल तर ट्रॉली वर मागवते. पण तुम्ही आमच्याकडे उजळणीला येत नाही ना, म्हणून तुम्ही फिरवाल."

भूलवाले डॉक्टर मागे टेकले. सुपरिंटेंडंटनी टोपण परत काढलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग ही एकटीची चूक राहत नाही. ही दोन महिने कुणाच्या तरी हाताखाली काम करेल, एकटी पेशंट नेणार नाही. काढायचं कारण नाही. सरावाची खोली आजपासून बंद. मान्यतेचं पुढे बघू. बाई, तुमच्याबद्दल मला वर लिहावं लागेल."

"लिहा."

छोटीनं आता कुठे मान वर केली. रडली नाही, नुसता खुर्चीचा हात घट्ट धरला. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर स्वतःलाच रडू आलं असतं.

कागद गोळा व्हायला लागले. तेवढ्यात भिंतीशी बसलेली शिंप्यांची सून म्हणाली, "मी एक विचारू का?"

सगळे थांबले. तिनं बोलायचं नव्हतं, पण नाही कोण म्हणणार?

"तुम्ही आपसात ठरवताय कोणाची चूक ते," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "मला एवढंच कळत नाही. चार वर्षं यांनी हे शिकवलं. मग असे थाप मारणारे अजून किती आहेत? आणि ते आत्ता, या घटकेला, कुठे आहेत?"

सुपरिंटेंडंटनी भूलवाल्या डॉक्टरांकडे बघितलं. त्यांनी मेट्रनकडे. मेट्रननं बाईंकडे.

बाईंनी नऊ फुल्यांची वही जवळ ओढली. तीन दिवस त्यांनी छोटीचा विचार केला होता, स्वतःचा केला होता, खोलीचा केला होता. हा केला नव्हता.

"मोजावं लागेल," त्या म्हणाल्या. "आमची सही-वही आहे. पण सहाशेच्या वर असतील. काही इथे. काही दुसरीकडे गेलेत. काही रुग्णवाहिकेवर आहेत."

"मग मोजा ना," सून म्हणाली. पर्स उचलून उठली. "मामंजींना जेवण भरवायचंय. डाव्या हातानं जमत नाही त्यांना."

ती गेल्यावर सुपरिंटेंडंट म्हणाले, "बाई, खोली बंद म्हटलं मी. पण चावी तुमच्याकडेच असू द्या."

"खोलीचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. "मला एक फोन द्या, बाहेर लागेल असा. आणि ही पोर द्या. पेशंट एकटीनं न्यायचा नाही ना तिला, मग बसू दे माझ्यापाशी."

बारा वाजता तळमजल्यावर टेबलावर चार सह्यांच्या वह्या पडल्या. छोटी नंबर शोधून द्यायची, बाई फिरवायच्या. आधी कोणाला, यावरून दोघींची जुंपली. छोटी म्हणाली, आपल्या वॉर्डपासून. बाई म्हणाल्या, वॉर्डात मेट्रन गेलीय, ती एकेकाचा हात धरून करून घेतेय, ओरडतेय पण घेतेय. आधी ते, ज्यांच्या शेजारी दुसरं कुणी नसतं.

म्हणून पहिला फोन रुग्णवाहिकेवरच्या एका माणसाला. दोन वर्षांपूर्वीची तुकडी, पैकीच्या पैकी.

"बाहुलीबाई? अरे वा, आज कशी आठवण?" मागे इंजिनाचा आवाज.

"कुठे आहेस?"

"गाडीत. पेशंट घेतलाय आत्ताच. म्हातारी आहे, दम लागलाय. पोचलो की करतो फोन."

छोटीनं वहीवरून मान वर केली.

"फोन ठेवू नकोस," बाई म्हणाल्या. "ऑक्सिजन लावलायस?"

"हो तर. चालू आहे."

"चालू आहे म्हणू नकोस मला. मास्क जरा वर उचल आणि आपला गाल तिथे ने."

"बाई, गाडी हलतेय हो."

"ने म्हणते ना. मी थांबते."

फोनवर इंजिन, काहीतरी पडल्याचा आवाज, कुणीतरी खोकलं. छोटी उठून बाईंच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. मग नुसतंच इंजिन. बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू त्या कानाला लवकर कळणार होतं.

"काही लागत नाहीये," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता. "बाई, वारा लागत नाहीये."

"घाबरू नकोस. सिलिंडरच्या डोक्यावर चावी आहे. धरलीस? थाप नाही, धर. आता डावीकडे फिरव. कडक असेल, जोर लाव."

धातू करकरला. आणि मग सूं असा आवाज तारेतून एवढा स्पष्ट आला की छोटीनंही तो ऐकला.

"आकडा बोल," बाई म्हणाल्या.

"ऐंशी... ब्याऐंशी. चढतोय. बाई, पंच्याऐंशी." तो धापा टाकत होता. "मी म्हटलं होतं चालू. ड्रायव्हरला विचारा, मी म्हटलं होतं."

"माहीत आहे मला. तुझी चूक नाही, माझी आहे, ते सावकाश सांगेन. आता तिच्याकडे बघ. आणि तुझ्या स्टँडवर अजून कोण कोण माझ्याकडे शिकलंय?"

"सहा जण."

"नंबर सांग."

तो सांगत गेला आणि छोटी लिहीत गेली. तिसऱ्या नंबरपाशी तिचा हात एवढा कापायला लागला की आकडा वाचता येईना. बाईंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, तो आकडा स्वतः परत लिहिला आणि पेन तिला परत दिलं.

"लिही," त्या म्हणाल्या, "आणि पुढचा लाव."